लाभार्थ्याची उपस्थिती आवश्यक नाही

"सायकल कशी निवडावी हे सोलापुरात फक्त दोघांना कळतं," वेणीमाधवराव आराध्ये पोह्यांवर लिंबू पिळत म्हणाले. दुसरा कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. मालतीबाईंनीही विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं, की हा दुसरा माणूस दर वेळी नुसता सोबतीला घेतलेला असतो.

वेणीमाधवरावांनी स्वतः शेवटची सायकल चालवली ती लग्नाआधी. तीही मित्राची, आणि चेन पडल्यावर ढकलत त्याच्या दारात नेऊन टेकवलेली. पण ज्ञानाला अनुभव लागतो असं म्हणणारी माणसं वेगळी. वेणीमाधवराव एका कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक होते आणि खरेदी हा त्यांचा प्रांत होता. कपाट घ्यायचं असो की पंखा, तीन दरपत्रकं, एक तुलनात्मक तक्ता, समितीची बैठक आणि अध्यक्षांची सही. त्या कॉलेजातल्या एकाही कपाटाचं दार नीट लागत नव्हतं, पण एकाही कपाटाच्या फाइलीत चूक सापडत नव्हती. माणसानं आयुष्यात आणखी काय मिळवायचं?

सायकलीचा विषय निघाला तो त्यांच्या मुलीमुळे. चेतना रोज पहाटे आपली जुनी सायकल घेऊन हिप्परग्याच्या तलावापलीकडच्या टेकडीवर जायची. त्या सायकलीला पुढच्या चाकापुरता स्प्रिंगचा फोर्क होता, मागचा भाग आपला सरळसोट. डोंगरी सायकलींच्या राज्य स्पर्धेसाठी जिल्ह्यातून दोन मुली निवडायच्या होत्या. गेल्या वर्षी चेतना तिसरी आली होती आणि तिच्या वयोगटातलं हे शेवटचं वर्ष होतं. यंदा राहिली तर कायमची राहिली. पोरगी त्यावर फार बोलत नसे, पण रात्री झोपेत तिचे पाय हलायचे, असं मालतीबाई सांगत.

एका संध्याकाळी जेवताना ती सहज बोलून गेली, "उतारावर दगड आले की मागचं चाक उडतं."

एवढंच. हे वाक्य तिनं आईला एकटीला गाठून सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण समोर बाबा बसले होते, आणि बाबांच्या हातातला घास तसाच थांबला.

"समिती नेमावी लागेल," ते म्हणाले.

समिती नेमली गेली. अध्यक्ष वेणीमाधवराव. सदस्य मालतीबाई, कारण एकट्याची समिती नियमात बसत नाही. चेतनाचं काय, असं मालतीबाईंनी विचारलं तेव्हा अध्यक्षांना हसू आलं.

"अगं, ती लाभार्थी. लाभार्थ्याची उपस्थिती आवश्यक नसते. आपण बाकं घेतो तेव्हा विद्यार्थ्यांना बोलावतो का?"

"म्हणूनच पोरं उभी असतात," मालतीबाई म्हणाल्या. या शेऱ्याची इतिवृत्तात नोंद झाली नाही.

पुढचे पंधरा दिवस वेणीमाधवरावांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. परदेशातली पोरं बर्फातल्या कड्यावरून सायकलीसकट उड्या मारतात आणि खाली पोचल्यावर हसतात, हे त्यांनी पलंगावर आडवं पडून, पोटावर चिवड्याची वाटी ठेवून पाहिलं. फोर्क, मागचा शॉक, रिबाउंड, डॅम्पिंग असे शब्द ते घरात पेरत फिरू लागले. दूधवाल्यालाही त्यांनी रिबाउंड समजावून सांगितला. दाबलेली स्प्रिंग परत वर यायला किती वेळ घेते, तो रिबाउंड. दूधवाला बिचारा हो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी फाटकाला अडकवून पळू लागला.

चेतना दोन-तीनदा म्हणाली, "बाबा, हलकी घ्या. चढावर मलाच ओढायचीय." आणि अध्यक्ष म्हणाले, "तू अभ्यास कर."

महिपतीचं सायकलचं दुकान मोठं होतं. त्याच्याकडे भिंतीवर सायकली टांगलेल्या असत, खाटकाकडे बोकड टांगावेत तशा. वेणीमाधवराव आत शिरले आणि चष्मा पुसत म्हणाले, "फुल सस्पेन्शन. पुढं-मागं दोन्हीकडं. आमचा अभ्यास झालेला आहे."

"असं गिऱ्हाईक मिळत न्हाय साहेब आजकाल," महिपती म्हणाला. "ट्रॅव्हल किती ठेवायची? म्हंजे चाक किती वर-खाली झालं पायजे? शर्यतीला शंभर नायतर एकशेवीस मिलिमीटर घेत्यात."

"सगळ्यात जास्त किती असते?"

"हाय की एकशेसाठवाली. पन ती उड्या मारनाऱ्यांची. चढाला जड पडंल."

"एकशेसाठ द्या. वस्तू जडच असावी. आमची कपाटं चार माणसांना उचलत नाहीत."

महिपतीला कळत होतं सगळं. पण गिऱ्हाईक स्वतःच्या पायानं महागाकडे निघालं की वाटेत आडवं पडायचं नाही, हे शहाणपण त्याच्या तीन पिढ्यांत मुरलेलं होतं. त्यानं एकशेसाठची काढली. मग टायर सगळ्यात जाड घेतले, कारण बारीक टायर पाहून वेणीमाधवरावांना करुणा आली. पुढची दातेरी चकती सगळ्यात मोठी घेतली, कारण मोठी चकती म्हणजे मोठा वेग. मोठी चकती चढावर पोरीचे गुडघे मागते, हा मुद्दा बैठकीपुढे आलाच नाही. बटण दाबलं की वर-खाली होणारी सीट घेतली. वेणीमाधवरावांनी ती दुकानात सात-आठ वेळा वर-खाली करून पाहिली आणि त्यांना फार समाधान वाटलं. सायकल उचलून पाहायची कल्पना त्यांना शिवली नाही. अध्यक्ष वस्तू उचलत नसतात.

"आता हवा," महिपती छोटा पंप घेऊन म्हणाला. "फोर्क आन् शॉकमदी हवेचीच स्प्रिंग हाय. बसनाऱ्याच्या वजनापरमानं भरायची. मानूस बसला की थोडी दबली पायजे. बसनार कोन?"

इथं क्षणभर काळ थांबला असता आणि कोणी वेणीमाधवरावांना हलवून जागं केलं असतं, तर बरं झालं असतं. पण नवीन वस्तूचं उद्‌घाटन अध्यक्षांच्या हस्ते होतं, हे त्यांच्या रक्तात होतं.

"मी बसतो," ते म्हणाले आणि बसले.

शॉक पार तळाला गेला. महिपतीनं पंप लावला आणि घाम येईस्तोवर हवा भरली. वेणीमाधवराव म्हणजे भरलेलं पोतं, आणि चेतना त्या पोत्याच्या अर्धीसुद्धा नव्हती. हवा अगदी बरोबर भरली गेली, बापाच्या मापाची. किंमत काय पडली ते मालतीबाईंना सांगितलं नाही, यावरून काय ते समजावं.

चेतनानं सायकल पाहिली आणि तिचे डोळे चमकले. काही झालं तरी नवी सायकल होती, आणि बापानं आणली होती. दुसऱ्या दिवशी टेकडीवरून परत आली तेव्हा चमक उतरली होती.

"बाबा, हे दबतच नाही. पाट्यावर बसल्यासारखं वाटतं. जुनीपेक्षा जास्त उडते."

"नवी आहे. रुळेल."

"इंद्रायणी मॅडम म्हणाल्या हवा जास्त आहे. त्या पंप आणून थोडी काढते म्हणाल्या."

इंद्रायणी मॅडम म्हणजे तिच्या प्रशिक्षक, आणि निवड चाचणीच्या प्रमुखही त्याच. वेणीमाधवरावांच्या कपाळाची शीर ताठ झाली. "समितीनं भरलेली हवा कोणी परस्पर काढायची नाही. उद्या वॉरंटीचा प्रश्न आला तर मॅडम सही करणार आहेत का?"

चेतना सायकल घेऊन निघाली. बापाशी वाद घालण्यात जो वेळ जातो त्यात दोन चढ होतात, हे तिला अनुभवानं ठाऊक होतं. ती तशीच आदळत, आपटत सराव करत राहिली. परत आल्यावर फाटकाशी ब्रेक दाबले की चाकातली ब्रेकची डिस्क चर्र वाजायची. तो आवाज वेणीमाधवरावांना गच्चीवरून ऐकू यायचा आणि अंगावर काटा यायचा.

अशात खंडेनवमी आली. घरातली अवजारं, यंत्रं, वाहनं धुऊन पुसून, तेलपाणी करून पुजायचा दिवस. विळी, अडकित्ता, मिक्सर, स्कूटर आणि मध्यभागी नवी सायकल. वेणीमाधवराव सोवळ्यात बसले. त्यांनी सायकलीला हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूची माळ घातली आणि मग त्यांचं लक्ष ब्रेकच्या त्या दोन चकचकीत पोलादी चकत्यांकडे गेलं. चक्र! याहून शुद्ध शस्त्र घरात दुसरं कोणतं? शिवाय चर्र वाजणारं. देवाधर्माचं आणि दुरुस्तीचं एकाच वाटीत साधत होतं. त्यांनी करडईच्या तेलात कापूस बुडवला आणि दोन्ही चकत्यांना असं मालिश केलं, जणू बाळंतिणीचं पोर न्हाऊ घालतायत.

पूजेत मांडलेली वस्तू दसरा उलटेपर्यंत उचलायची नाही. त्यामुळे चेतनाला सायकलीला हात लावता आला नाही. दसरा शनिवारी होता आणि निवड चाचणी रविवारी सकाळी. तेलाला ब्रेकच्या पॅडमध्ये मुरायला भरपूर वेळ मिळाला.

रविवारी टेकडीच्या पायथ्याशी मुली जमल्या. आराध्ये मंडळी नवी सायकल भाड्याच्या टेंपोत घालून आली होती. सांगोल्याहून संस्कृती नावाची मुलगी आली होती, बरोबर तिचे वडील रावजी, डाळिंबाच्या बागेतून थेट उठून आल्यासारखे. चेतनानं नवी सायकल थोडी फिरवली, ब्रेक दाबला आणि सायकल थांबली नाही. पाय टेकवून ती कशीबशी उभी राहिली. इंद्रायणी मॅडमनी डिस्कला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि वेणीमाधवरावांकडे पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"खंडेनवमी होती," वेणीमाधवराव म्हणाले. आवाजात थोडा अभिमानही होता.

"ही सायकल चाचणीत चालणार नाही."

चेतनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात मालतीबाई टेंपोकडे गेल्या, मागच्या हौद्यातली चादर ओढली, आणि तिच्याखाली चेतनाची जुनी सायकल होती, पुसून, चाकांत हवा भरून. पोरीनं आईला मिठी मारली आणि सायकल घेऊन धावली.

"सदस्यांनी अध्यक्षांना न विचारता!" वेणीमाधवराव म्हणाले. ऐकायला तिथं कोणी नव्हतं.

शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. पण वेणीमाधवरावांना वाटलं, पोरगी चढ जुन्या सायकलीवर चढेलही, उताराचं काय? उतारासाठीच तर हा सगळा खटाटोप. टेकडीच्या मागच्या बाजूनं पायवाट होती. वर जाऊन उभं राहायचं, चेतना आली की सायकल बदलून द्यायची, आणि मग सगळ्या जिल्ह्यानं बघायचं. ब्रेकचं काय? निवडणाऱ्याला माहीत असतं, ब्रेक भित्र्यांसाठी असतो.

ती एकशेसाठ मिलिमीटरची, जाड टायरची, जड सायकल ढकलत वेणीमाधवराव टेकडी चढले. अर्ध्या वाटेवर त्यांना वस्तू हलकी असावी या मताचा पहिल्यांदा आदर वाटला. माथ्यावर पोचले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि तोंडातून शब्द निघत नव्हता. शेवटची फेरी चालू होती. आधी एक मुलगी गेली, मग संस्कृती, आणि तिच्या पाठीला लागून चेतना.

"थांब, ही घे," वेणीमाधवराव सायकल पुढे करून ओरडले.

"बाबा, बाजूला व्हा," चेतना म्हणाली आणि उताराला लागली.

आता बापाचा अपमान एकवेळ चालतो, पण खरेदीचा? वेणीमाधवरावांनी टांग टाकली. थोडं पुढे जाऊन तिला गाठू, एवढाच त्यांचा विचार होता. पुढचा विचार टेकडीनं केला.

सायकल सुटली. ब्रेक दाबले ते लोण्यात बोटं रुतावीत तसे आत गेले. आणि मग एक आश्चर्य घडलं. खड्डे आले, दगड आले, पावसानं कापलेल्या चरी आल्या, आणि वेणीमाधवरावांना काहीच लागलं नाही. दोन्ही सस्पेन्शन अशी दबत होती, अशी उठत होती, की काय सांगावं. त्या सायकलीला इतके दिवस हवा होता तो माणूस आज मिळाला होता. दोन-चार क्षण वेणीमाधवरावांना चक्क मजा आली. रिबाउंड म्हणजे काय ते त्यांना पहिल्यांदा कळलं.

मग समोर मुली दिसल्या.

"बाजू, बाजू," ते किंचाळले. हातानं कुठलंतरी बटण दाबलं गेलं आणि सीट खाली गेली, त्यामुळे मागे वळून पाहणाऱ्याला नुसतं डोकं येताना दिसलं. पहिली मुलगी उजवीकडे पळाली. संस्कृती डावीकडे कुसळांच्या गवतात शिरली आणि आडवी झाली. चेतना तेवढी हलली नाही. मागून काय येतंय हे तिला न बघताच कळलं होतं. तिनं थोडी जागा सोडली, बाबा गेले, आणि मोकळ्या वाटेवरून ती त्यांच्यामागे उतरली.

शेवटच्या रेषेवरची फीत वेणीमाधवरावांनी गळ्यानं तोडली. ती तशीच गळ्यात घेऊन ते पुढे गेले आणि बिरप्पा धनगराच्या कडब्याच्या गंजीत कंबरेपर्यंत शिरले. बाहेर दोन पाय आणि एक फिरणारं चाक राहिलं.

"मालक, समदा कडबा इस्कटला की वो," बिरप्पा गंजीपाशी उकिडवा बसून म्हणाला. "लागलं तर न्हाय न्हवं?"

लागलं काहीच नव्हतं. लागायला अजून वेळ होता.

चेतना रेषेवर पहिली आली होती, पण टाळी एकही वाजली नाही. रावजी गवतातून आपली पोर उठवून, तिच्या कपड्यातली कुसळं काढत काढत आले. "मॅडम, बापानं म्होरं वाट मोकळी करायची आन् पोरीनं मागनं निघायचं, ही कुटली शर्यत? आमी सांगोल्याहून पोरीला कुसळात लोळवाया आनली व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. चेतनानंच ते आधी मान्य केलं. "मॅडम, मला अशी निवड नको," ती म्हणाली.

इंद्रायणी मॅडमनी चाचणी रद्द केली. पुढच्या रविवारी पुन्हा, सगळ्यांची. एकच अट, चेतनाचे वडील त्या दिवशी या परिसरात दिसता कामा नयेत. दिसले तर तिचं नाव कापलं जाईल.

"हे लेखी द्या," वेणीमाधवराव केसातला कडबा झटकत म्हणाले. मॅडमनी तिथल्या तिथं लेखी दिलं.

टेंपो परत निघाला. घराचं वळण आलं तेव्हा चेतना बाहेर बघत म्हणाली, "मला सायकल नकोच होती बाबा. गेल्या वर्षी तुम्ही आला नव्हता. यंदा खाली उभं राहून बघावं, एवढंच वाटत होतं."

वेणीमाधवरावांना फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट हे, की आता बघायची सोयही राहिली नव्हती. सही-शिक्क्यासह राहिली नव्हती.

पुढच्या रविवारी मालतीबाईंनी त्यांना पहाटे उठवलं, डबा दिला आणि पुण्याकडे जाणाऱ्या पहिल्या गाडीत बसवलं. "कुर्डुवाडीला उतरा. माझा भाऊ तिथंच आहे रेल्वेत. तुम्ही गावात असलात की टेकडीवर जाणार, मी ओळखते तुम्हाला." मेहुणा ड्यूटीवर होता. घरी जाऊन त्याच्या बायकोला काय सांगणार, टेकडीवरून हाकललं? म्हणून वेणीमाधवराव फलाटावरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. गाड्या आल्या, गाड्या गेल्या. चहा दोनदा झाला. चढावर असेल आता, त्यांना वाटायचं. आता उतारावर. दगड आले असतील. मागचं चाक उडत असेल. डब्याला त्यांनी हातही लावला नाही.

फोन आला तेव्हा तो हातातून निसटून बाकाखाली गेला. शेजारी करमाळ्याला निघालेली सोजरबाई नावाची म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती, तिनं तो काढून दिला.

"दुसरी आली," मालतीबाईंचा आवाज फुटत होता. "सांगोल्याची पोर पहिली. दोघींची निवड झाली. मॅडमनी जाहीर केलं."

"कुठल्या सायकलीवर?"

"जुन्या."

"मग, मी येऊ?"

"या की. संध्याकाळच्या गाडीनं या. घाई नाही."

वेणीमाधवरावांनी फोन ठेवला आणि रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. म्हातारी घाबरली.

"काय वो, वंगाळ बातमी हाय का?"

"नाही आजी. माझी मुलगी राज्याच्या शर्यतीला निवडली गेली. सायकलच्या."

"आगं बया, लई ग्वाड झालं. आन् तुमी काय, शिकवलं व्हय तिला? मदत केली आसंल की."

वेणीमाधवरावांनी छाती फुगवली. तोंड उघडलं. मग छाती हळूहळू खाली बसली.

"हो," ते म्हणाले. "मी इथं बसलो होतो."